‘एवढ्या लांब आलोय तर...’

जुन्या गाड्यांचं वेड आता आपल्या पिढीलाही लागलंय. पण फोटो बघून चारशे किलोमीटर जाणाऱ्या माणसाची फसगत गाडीपाशी होत नाही. ती बऱ्याचदा तिकीट काढतानाच झालेली असते.

सकाळचे सव्वासहा. मिरज स्टेशनबाहेर मी आणि माझा मामा चहा पीत उभे होतो. आदल्या रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडल्यापासून मामा नुसता बोलत सुटला होता. कमरेच्या पट्ट्यात चाळीस हजार रोख, फोनमध्ये गाडीचे अकरा फोटो. जाहिरात तर त्याला पाठच झाली होती : ‘व्हिंटेज प्रीमियर पद्मिनी, १९७५, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, ओरिजिनल पेंट, रनिंग कंडिशन, पेपर क्लिअर.’ किंमत एक लाख पस्तीस हजार. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ असं कळल्यावर मामाने पाच हजारांचं टोकनही पाठवलं होतं.

माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, दादरला पद्मिनी टॅक्सी चालवायचे. शाळेला सुट्टी लागली की मामा त्यांच्या शेजारच्या सीटवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, ती बातमी वाचून तो दिवसभर गप्प होता. तेव्हापासून त्याचं एकच चाललेलं : एक पद्मिनी घ्यायची. रोज फिरवायला नाही, दारात उभी करायला आणि रविवारी एक चक्कर मारायला.

मिरजेपासून रिक्षाने अर्ध्या तासावर ते गाव. विकणारे काका भले वाटले. “या की पाव्हणं, आधी च्या घ्या. गाडी कुठं पळून जात न्हाई.” गोठ्याशेजारी गाडी उभी. लांबून अगदी फोटोतल्यासारखी, क्रीम रंगाची, चकचकीत. मग आम्ही जवळ गेलो.

दाराखालच्या पट्टीवर मामाने नख मारलं, तर पुट्टीचा पापुद्राच हातात आला. पायाखालची चटई उचलली, तर फ्लोअरमधून खालची माती दिसत होती. टपावर कॅरिअरची भोकं बुजवलेली. दाराच्या आतल्या कडेला क्रीम रंगाखाली काळा रंग, टपाच्या कडेला पिवळा. मुंबईच्या मुलीला अजून काय सांगायचं? फोटोत कायम कुणाचा तरी अंगठा नाहीतर फडकं असलेली नंबर प्लेट आता समोर होती. मी तो नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला. नोंदणी १९९५. वर्ग : मोटर कॅब. फिटनेस २०१५ मध्ये संपलेलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

आणि तरीही मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, “अगं, एवढ्या लांब आलोय तर... तीस हजार कमी केले तर घेऊनच टाकू.”

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

जाहिरात गाडी विकत नाही, माणूस हलवते

१९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं साधं होतं : विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा मग सगळ्याच गाड्यांकडे संशयाने बघतो आणि किंमत पाडून मागतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मी का विकू? तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे उरतो खराब माल.

आपल्याकडच्या ‘क्लासिक’ गाड्यांच्या बाजारात यात अजून एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे अंतर. पाच वर्षं जुनी हॅचबॅक घ्यायची तर तुमच्याच शहरात पन्नास मिळतील. एक आवडली नाही तर पुढची. पण चांगली पद्मिनी, कॉन्टेसा किंवा जिप्सी शोधायला लागलात की एक सांगलीत, एक जालन्यात, एक थेट दिल्लीत. बघायला जायचं म्हणजे सुट्टी टाकायची, तिकीट काढायचं, सोबत कुणाला तरी न्यायचं.

हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. त्यामुळे चुकीच्या वर्णनाचा हेतू तुम्हाला कायम फसवून ठेवणं हा नसतोच मुळी. फ्लोअरला भोक आहे हे तुम्हाला दिसणार, हे त्यालाही ठाऊक असतं. वर्णनाचं काम एवढंच की तुम्ही घरून निघालं पाहिजे. एकदा तुम्ही चारशे किलोमीटर आलात, टोकन दिलंत, घरी ‘आज गाडी आणतोय’ म्हणून सांगून बसलात, की पुढचं काम तुमचंच मन करतं. रिकाम्या हाताने परतणं म्हणजे हरणं वाटायला लागतं. झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून माणूस त्याच्या कितीतरी पट मोठा खर्च करायला तयार होतो. ‘तीस हजार कमी केले’ हा मग विजय वाटतो. गाडी मुळात त्या किमतीची आहे का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

हे आत्ताच का?

जुन्या गाड्या काय, पूर्वीही विकल्या जायच्या. पण गेल्या काही वर्षांत तीन गोष्टी झाल्या आणि ‘व्हिंटेज’, ‘क्लासिक’ या शब्दांना पैशाचं वजन आलं.

पहिली म्हणजे या गाड्या संपत चालल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचं ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चं. नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. टॅक्सी म्हणून ती अजून वीसेक वर्षं टिकली, मग तीही गेली. वस्तू डोळ्यांसमोरून नाहीशी झाली की तिची आठवण महाग होते. तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये आरएक्स १०० भोवती जमणारी गर्दी बघा. १९९६ च्या सुमारास बंद झालेली ती बाइक आज आपल्यातल्या अनेकांच्या वयापेक्षा मोठी आहे.

दुसरी गोष्ट सरकारी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा कार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. म्हणजे ‘१९७५’ आणि ‘१९८०’ यातला फरक आता निव्वळ कौतुकाचा उरलेला नाही. १९८० ची पद्मिनी २०३० पर्यंत कायद्याने व्हिंटेज होत नाही. जाहिरातीत मात्र ती आजच होते.

तिसरी गोष्ट दिल्लीची. राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवण्यावरच्या बंदीवर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा निर्णय आला आणि काही दिवसांतच मागे पडला. ऑगस्टमध्ये कोर्टाने मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. या सगळ्या धरसोडीत तिकडच्या मालकाला एकच सुचतं : गाडी बाहेरच्या राज्यात विकून टाका. म्हणून आपल्या फोनवर ‘दिल्ली पासिंग, झिरो रस्ट, अर्ध्या किमतीत’ असे फोटो येऊन पडतात.

जाहिरातीचा शब्दकोश

मिरजेहून परतताना ट्रेनमध्ये मी मामाच्या अकरा फोटोंखालचे शब्द पुन्हा वाचले. शब्द तेच, पण त्यांचा अर्थ आता कळत होता.

‘शोरूम कंडिशन’ : म्हणजे बहुतेक वेळा नवा रंग. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडली तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. तिथे पुट्टी भरून वर रंग मारणं म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणं. आम्ही शेवटी मिरजेतल्या एका गॅरेजवाल्या दादांना ६०० रुपये देऊन बोलावलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “मामा, ही गाडी पत्र्यावर न्हाई, रंगावर उभी हाय.”

‘रनिंग कंडिशन’ : गाडी चालू होते, एवढंच. घाट चढते का, गरम होते का, ब्रेक लागतात का, यातलं काहीही या शब्दांत येत नाही. त्यातून तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल, तर थंड इंजिनाची खोकला-खरखर तुम्हाला ऐकूच येत नाही. बॉनेटला हात लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

‘सिंगल ओनर’ : आरसीवर एकच नाव आहे, हे खरं असू शकतं. पण मूळ मालकाने कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून गाडी एकाला दिली, त्याने दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला, असंही होतं. समोरचा माणूस आरसीवरचा माणूस नाही, तर तो विकतोय काय? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका साखळीच्या प्रकरणात सांगितलं की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावरच राहते. म्हणजे यात पहिला मालकही अडकतो आणि शेवटचा घेणाराही.

‘पेपर क्लिअर’ : सगळ्यात निसरडा शब्द. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १० हजार. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उशीर झाला असेल तर दंड. १९८९ च्या आधीच्या, तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांची नोंद काही वेळा ऑनलाइन नसतेच. ती आधी आरटीओकडून चढवून घ्यावी लागते. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तिथली नोंदणीच रद्द झालेली असेल, तर एनओसी मिळणार कुठून?

‘इंजिन नवीन’ : कुठलं नवीन? पूर्वी पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेक पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. आरसीवर तो बदल चढवलेला नसेल, तर इंजिन नंबर जुळत नाही आणि गाडी तुमच्या नावावर होत नाही.

‘थोडं काम बाकी’ : म्हणजे जे काम मालकालाही परवडलं नाही, ते. कंपनी पार्ट बनवत नाही. मग कुर्ल्याचा भंगार बाजार, नाहीतर ओळखीचा एखादा जुना मेकॅनिक. काच, रबर, क्रोमच्या पट्ट्या हे ‘किरकोळ’ वाटतं, पण इंजिनापेक्षा तेच शोधायला जास्त महिने जातात.

आता मामाची जाहिरात पुन्हा वाचा. १९७५ ची म्हणवली जाणारी गाडी आणि नंबर एमएच ने सुरू होणारा. एमएचचे नंबर महाराष्ट्रात १९८९ पासून आले. नंतर नंबर बदलला असू शकतो, पण प्रश्न तर तिथेच विचारायला हवा होता. प्लेटवरचा तो अंगठा खूप बोलका होता. आम्ही तो बघितला आणि कौतुकाने पुढचा फोटो उघडला.

कायदा आहे, पण तिकिटाचे पैसे देत नाही

‘मग तक्रार करायची ना,’ असं माझी रूममेट म्हणाली. मी जरा वाचून काढलं.

१९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. हे खासगी विकणाऱ्यालाही लागू होतं. १८७२ चा करार कायदा सांगतो की फसवून किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती रद्द करता येते. पण त्याच कायद्यात एक खोच आहे. समोरच्याने मुद्दाम खोटं सांगितलं नसेल, निव्वळ चुकीचं सांगितलं किंवा गप्प राहिला असेल, आणि तुम्हाला थोड्या प्रयत्नाने खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करणं अवघड होतं. म्हणजे प्रत्यक्ष जाऊन, चटई उचलून, भोक बघून, तरीही ‘एवढ्या लांब आलोय’ म्हणून घेतलेल्या गाडीबद्दल नंतर कोर्टात ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. जो प्रवास आपल्याला सावधगिरी वाटतो, तोच आपली बाजू लंगडी करू शकतो.

ग्राहक आयोगाचा रस्ता मुख्यतः धंदा करणाऱ्यांविरुद्ध असतो. घरची एक गाडी विकणारा माणूस त्यात सहसा बसत नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी मात्र एप्रिल २०२३ पासून नवे नियम आहेत. त्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकाकडून गाडी ताब्यात घेतली की पोर्टलवर कळवायचं आणि तेवढा काळ जबाबदारी त्याची. म्हणून समोरचा डीलर असेल तर ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा’ हे विचारणं उद्धटपणा नाही.

आणि तुम्ही गाडी घेतलीच नाहीत तर? मग तिकीट, रिक्षा, जेवण, मेकॅनिक असे आमचे साडेतीन हजार आणि बुडालेलं पाच हजारांचं टोकन. एवढ्यासाठी कोण कोर्टात जातं? ही रक्कम भांडायला छोटी असते आणि विसरायला मोठी. चुकीचं वर्णन नेमकं याच फटीत जगतं.

याहून वाईटही घडू शकतं. राजस्थान-हरियाणाच्या मेवात भागात स्वस्त वस्तूची जाहिरात दाखवून लोकांना बोलवायचं आणि लुटायचं, याला तिकडे ‘टटलूबाजी’ असं नावच पडलंय. सैन्यात बदली झाली म्हणून स्वस्तात विकतोय, आधी थोडे पैसे पाठवा, हा तर ऑनलाइन फसवणुकीचा घासून गुळगुळीत झालेला नमुना आहे. अनोळखी गाव, कमरेला रोख आणि सोबत एकच माणूस, हे आम्ही केलं. करायला नको होतं.

काका खोटारडे होते का?

हा प्रश्न मला परतीच्या वाटेवर जास्त छळत होता. विकणारे सगळे ठग असतात असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण काकांनी ती गाडी २०१७ च्या आसपास कुणाकडून तरी ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणूनच घेतली होती, असं त्यांचं म्हणणं. मुलाच्या लग्नात वरातीला सजवली, मग ती गोठ्याशेजारी उभी राहिली. त्यांच्या लेखी ‘रनिंग’ म्हणजे गेल्या दसऱ्याला सुरू झाली होती. ‘१९७५’ कुठून आलं, हे त्यांना नीट सांगता आलं नाही. कदाचित फसवले गेलेले तेही असतील आणि आपलं नुकसान पुढच्याच्या गळ्यात घालत असतील. हा बाजार असाच चालतो : प्रत्येक जण आपल्याला मिळालेलं वर्णन थोडं अजून रंगवून पुढे सरकवतो.

पण मग प्लेटवर अंगठा का? आणि टोकनचं विचारल्यावर “टोकन परत नसतंय, पाव्हणं” हे इतकं तयार उत्तर कसं? मला पूर्ण माफही करता येत नाही.

यात तोटा काकांचाही झालाच. स्टेशनवर बसलो असताना मामा म्हणाला, “टॅक्सी आहे म्हणून आधीच सांगितलं असतं ना, तर मी घेतली असती गं. अण्णांची गाडी पण टॅक्सीच होती की.” चालवायला नाही, शोपीस म्हणून, शोपीसच्या भावात. मामासाठी त्या गाडीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती, जी लपवायला तिला क्रीम रंग मारला होता.

निघण्याआधी

मामाच्या साडेआठ हजारांत आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला फुकट.

नंबर आधी, फोटो नंतर : पहिल्याच मेसेजमध्ये नंबर प्लेटचा आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. ॲपवर नोंदणीची तारीख, वर्ग, फिटनेस, विमा बघा. नंबर द्यायला नकार हे पुरेसं उत्तर आहे.

सुंदर फोटो नकोत, घाणेरडे हवेत : चटई उचलून फ्लोअर, गाडीखालून, दाराच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची जागा, चासी आणि इंजिन नंबर. जो माणूस भोकाचा फोटो पाठवतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

व्हिडिओ कॉलवर थंड इंजिन : सकाळी, बॉनेटला हात लावून, मग चावी फिरवायला सांगा. धुराचा रंग बघा. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारावर फिरवायला सांगा. पत्रा असेल तर चिकटतं, जाड पुट्टी असेल तर घसरतं.

तिथलाच मेकॅनिक पाठवा : त्या गावाजवळच्या गॅरेजवाल्याला पाच-सातशे रुपये देऊन आधी बघायला सांगा. विकणाऱ्याने सुचवलेला नको, तुम्ही शोधलेला. आम्हाला जे सहाशे रुपयांत कळलं, ते घरबसल्या कळलं असतं.

टोकन नाही, रोख नाही : गाडी बघेपर्यंत एक रुपयाही नाही. आवडली तर व्यवहार बँकेतून, आरसीवरच्या माणसाशी, ट्रान्सफरच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर समोर सह्या करून.

त्याच दिवशी चालवत आणायची नाही : वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे टायर आणि ब्रेकमधले रबर कुजलेले असू शकतात. विमा नसेल तर रस्त्यावर आणणंच बेकायदा. ट्रकवर घालून आणा आणि तो खर्च आधीच किमतीत धरा.

परतीचं तिकीट आधी काढा, आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस सोबत न्या : भाव करायला नव्हे, परत फिरायला. घरातून निघतानाच ठरवा की रिकाम्या हाताने येणं हाही यशस्वी दौरा आहे. आमच्या बाबतीत ते काम गॅरेजवाल्या दादांनी केलं. मी तर मामाचा चेहरा बघून जवळपास ‘घेऊन टाक’ म्हणणार होते.

निघण्याआधी मामा त्या गाडीत एकदा बसला. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा त्याने वर-खाली केला, दार दोनदा उघडून बंद केलं. काका बाहेर उभे राहून म्हणाले, “बघा, विचार करा.” मामाने हात जोडले आणि आम्ही रिक्षात बसलो.

गेल्या आठवड्यात त्याला साताऱ्याजवळची अजून एक पद्मिनी दिसलीय. या वेळी पहिला मेसेज मीच टाइप केला : नंबर आणि आरसीचा फोटो पाठवा. अर्ध्या तासात दोन्ही आले. सोबत, न मागता, फ्लोअरचा फोटो. त्यात मुठीएवढं भोक होतं. मामा तो फोटो झूम करून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “भोक आहे. पण दाखवलं तरी.”

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरलाय. तिकीट अजून काढलेलं नाही.